भुवईतली खाच

झाशीतल्या आम्हा मराठी मंडळींच्या घरांतले जुने फोटो पाहिले, तर कुणालाही वाटेल की या गावात देवीची साथ कधी आलीच नव्हती. भिंतीवरचे सगळे चेहरे कसे लोण्यातून काढल्यासारखे. एकाच्याही गालावर वण नाही, कपाळावर खोक नाही, हनुवटीवर नको तिथे तीळ नाही. परवा दिवाळीच्या साफसफाईत मी स्टुलावर चढून या पूर्वजांना खाली उतरवत होतो आणि खालून माझी मुलगी एकेकाला फडक्याने पुसत होती. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की गाडी हिंदीच्या रुळावर जाते. ती म्हणाली, "पापा, हमारे सब लोग इतने सुंदर थे, तो फिर हमें क्या हो गया?"

स्टुलावर उभ्या असलेल्या, पोट सुटलेल्या बापाकडे बघून विचारलेला प्रश्न होता. त्यामुळे त्याला उत्तर देणं मला अवघड गेलं. खरं उत्तर एवढंच होतं की आम्हाला काही झालेलं नाही. आमच्या पूर्वजांना इंदूकाकू लाभल्या होत्या.

इंदूकाकू आमच्या शेजारच्या. एक सामाईक भिंत आणि भिंतीत आईने मुद्दाम ठेवलेली एक खिडकी, एवढंच दोन घरांमध्ये अंतर. काका रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढायला होते. ते लवकर गेले. मागे राहिल्या काकू, काकांच्या पेन्सिलींचा एक डबा आणि पेन्सिलीला टोक कसं काढायचं ही विद्या. त्या विद्येवर सदर बाजारातल्या एका स्टुडिओचं रीटचिंगचं काम त्यांना मिळालं आणि ते त्यांनी पुढे तीस-एक वर्षं केलं.

रीटचिंग म्हणजे काय ते आताच्या लोकांना सांगायला हवं. फोटो कागदावर उतरण्याआधी नेगेटिव्ह असते. तिच्यात सगळं उलटं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. चेहऱ्यावरचा खड्डा किंवा काळा डाग नेगेटिव्हवर पारदर्शक ठिपका होऊन दिसतो. त्या ठिपक्यावर सुईसारख्या पेन्सिलीने बारीक बारीक भरलं, की कागदावर डाग नाहीसा. पण उलट काम असेल, म्हणजे कागदावर एखादी जागा काळी करायची असेल, विरळ भुवई दाट करायची असेल, तर पेन्सिल चालत नाही. तिथे छोट्या चाकूने नेगेटिव्हचा थर खरवडावा लागतो. काकू म्हणायच्या, "पेन्सिलीचं काम म्हणजे बोलणं. मागे घेता येतं. चाकूचं काम म्हणजे करून बसणं."

ओसरीच्या उत्तरेकडच्या खिडकीशी त्यांचं उतरतं लाकडी डेस्क होतं. मधोमध चौकोनी भोक, त्यात दुधी काच, खाली आरसा. आरशावर बाहेरचा उजेड पडून वर काचेतून यायचा. आजूबाजूचा उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून काकू एका मोडक्या छत्रीचं काळं कापड डोक्यावरून ओढून बसत. उन्हाळ्यात बाहेर लूच्या गरम झळा वाहत असायच्या, गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत बसलेली असायची, आणि ह्या आत काळ्या बुरख्याखाली कुणाचे तरी गाल साफ करत असायच्या. समोरची बुंदेली मंडळी त्यांना 'पिंसिलवाली बाई' म्हणत. नव्या पाहुण्याला घराचा पत्ताही तोच सांगत: "पिंसिलवाली बाई के बगल में." सिंचन खात्यातल्या माझ्या कारकुनीचा दरारा एवढा, की माझ्या नावाने आमचं घर कधीच कुणाला सापडलं नाही.

काकूंच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. थोडेथोडके नव्हे, चांगले दाट. लहानपणी मी त्यांच्याकडे पाहायचो तेव्हा मला पाखडायला मसूरडाळ पसरलेलं सूप आठवायचं, आणि असं वाटल्याबद्दल नंतर वाईटही वाटायचं. त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे. आईकडून एवढंच कळलं होतं की लग्नाच्या वेळी चार ठिकाणांहून त्यांचा फोटो परत आला होता, आणि पाचव्या ठिकाणी काकांनी तो ठेवून घेतला. काकू स्वतः एकदाच त्याबद्दल आडून बोलल्या. मी विचारलं होतं, "काकू, इतके बारीक ठिपके भरून डोळे नाही दुखत?" तर म्हणाल्या, "कॅमेरा चुगलखोर असतो रे. पाहिलं ते सांगून मोकळा. पोरीचं पुढे काय होईल त्याला काय फिकीर? कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला नको?"

हा हात माझ्याही फोटोवर पडलेला आहे. माझे कान. त्यांचं वर्णन मी करत नाही, कल्पना पुरे. लग्नासाठी माझा फोटो काढला तेव्हा स्टुडिओच्या हरिबाबूंनी मला तिरका बसवला, मग समोर बसवला, मग सुस्कारा सोडून म्हणाले, "बाई देख लेंगी." बाईंनी पाहिलं. ग्वाल्हेरला गेलेल्या फोटोत माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन सभ्य, बेताचे, नोकरदार कान होते. सासऱ्यांनी फोटोवरूनच होकार कळवला. आमची बायको आजही सांगते, "अंतरपाट दूर झाला, आणि मी वर तोंड करून पाहिलं, तर आधी कान आले. मग मागून हे आले." पण काकूंवर तिचा राग नव्हता. नवी नवरी म्हणून पहिल्या मंगळागौरीला ती काकूंच्या पाया पडली, तेव्हा काकूंनी तिला हळूच विचारलं, "नाराज तर नाहीस ना गं? बाकी मुलगा जसा फोटोत आहे तसाच आहे."

गणेशोत्सवात आमच्या समाजाचा दरवर्षी एक फोटो निघायचा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी झाडून सगळी मराठी घरं देवळापुढच्या पायऱ्यांवर बसायची, शिवाय बबीन्याच्या छावणीतले चार-सहा फौजी जवान. हे जवान सातारा-सांगलीकडचे. दर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलायची, पण फोटोत जागा तीच, डावीकडची मागची रांग. शंभर माणसं एका क्षणी डोळे उघडे ठेवतील हे शक्य नसतं. पण आमच्या फोटोत सगळे जागे, कारण मिटलेले डोळे काकू उघडायच्या. कुणाचे डोळे कसे हे त्यांना पाठ होतं. आमचे एक नानासाहेब होते, ते बसल्या जागी झोपत. भाषणात झोपत, आरतीत उभ्याने झोपत. अकरा वर्षांच्या अकरा फोटोंत काकूंनी त्यांना टक्क जागं करून ठेवलं. नानासाहेब गेल्यावर त्यांच्या बायकोने त्यातला एक फोटो भिंतीवरून काढून पदराने पुसला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "यांना असं बघताना मी कधी पाहिलंच नाही हो." आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या. त्या हसण्यात आणखी काही होतं का, याचा विचार तेव्हा मी केला नाही. काकूंनीही केला नसावा.

मग हौसाबाई आल्या.

एकाहत्तरच्या लढाईला दोन वर्षं होऊन गेली होती. थंडीचे दिवस होते. सुट्टीवरून परतणारा एक जवान सकाळच्या गाडीने उतरला, आणि बबीन्याला जाण्याआधी आमच्या दारात एका म्हाताऱ्या बाईंना उभं करून म्हणाला, "ह्या आमच्या गावच्या मावशी. ह्यांचं काम हितल्या फोटोवाल्याकडं हाय. परवा मी परत न्यायला येतो." फौजी पोरांना आमच्या आईचा पत्ता पाठ असायचा. गणपतीचा प्रसाद आणि सणाचं जेवण या दोन गोष्टींवर तिने अर्धी पलटण मिंधी करून ठेवली होती.

बाई उंच, काटक, नऊवारी लुगड्यातल्या. बरोबर एक बोचकं, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक चौकट. त्यांनी ती मांडीवर घेतली, पण वरचं कापड सोडलं नाही. आईने विचारलं, "चाय घेता ना?" त्या म्हणाल्या, "घीन की. पर आदी त्या फोटूवाल्याला बलवा."

मी त्यांना शेजारी घेऊन गेलो. म्हटलं, स्टुडिओत नेण्याआधी काकूंना दाखवावं. काकूंनी डोक्यावरचं काळं कापड मागे सारलं. हौसाबाईंनी चौकटीवरचं कापड सोडलं. फौजी गणवेशातला एक तरणा मुलगा होता, सरळ नाक, नितळ गाल, दोन रेखीव भुवया. काकूंनी नुसतं पाहिलं आणि ओळखलं. माणसाला नव्हे, कामाला.

"माझंच आहे हे," त्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता, उगाच कशाला लपवू. "लग्नासाठी काढला होता ना? किती सुंदर आलाय!"

"सुंदर हाय की," हौसाबाई म्हणाल्या. "मी कुटं न्हाई म्हंतीया? पर ह्यो कोन हाय?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी बुंदेलखंडी मराठीतला माणूस, साताऱ्याच्या मराठीचा दुभाष्या झालो होतो. पण या वाक्याचं भाषांतर करण्याची गरज नव्हती.

"तुमचा मुलगा ना?" मी म्हटलं.

"संपत माजा ल्योक. लडाईत ग्येला. ह्यो फोटू त्यानं हितनं धाडलेला, सोयरीक बगा म्हनून. दुसरा न्हाई. तवा मी म्हनलं, आरं, हे काय सोंग? तर त्यानं लिवलं, आये, हिकडं आसंच करत्यात, चांगलं दिसतंया. ऱ्हाऊ दे म्हनलं. पोरगी बगायला आलं की खरं त्वांड बगतीलच." त्या थांबल्या. "मग त्यो ग्येला. आता शाळंत ह्योच लावलाय, मोटा करून. चावडीत ह्योच. समदी हार घालत्यात. मी म्हंते ह्यो माजा न्हवं, तर म्हंत्यात म्हातारी भ्रमली."

"पण चेहरा तर त्याचाच आहे," काकू म्हणाल्या. "मी फक्त खूण काढली. डाव्या डोळ्यावर काहीतरी लागलेलं होतं."

"इळा लागला हुता. माजा." हौसाबाईंनी हाताने दाखवलं, असा. "कडबा तोडत हुते. चार वर्साचं प्वार मागनं पळत आलं नि मिटी मारली. हात मागं आला माजा. भवई चिरून खाली गालापत्तुर. म्हनलं, डोळा ग्येला. डोळा वाचला, खून ऱ्हायली. तवापासनं त्याच्या तोंडाकडं बगितलं की मला माजाच हात दिसायचा. पर त्वांड त्याचं हुतं."

काकूंनी चौकट खिडकीच्या उजेडाकडे वळवली.

"बाई," हौसाबाई म्हणाल्या, आणि आता त्या माझ्याकडे न बघता थेट काकूंशी बोलत होत्या, "आदी डोळं मिटलं की संपत दिसायचा. आता ह्योच येऊन हुबा ऱ्हातो. रोज बगून बगून ह्योच बसलाय डोळ्यात. त्या खऱ्या तोंडाला मी आटवून आटवून धरती, तर निसटतंय. आनि वरीसभरानं मला त्वांडच आटवायचं न्हाई. मग माज्याकडं काय ऱ्हायलं? तुमी काडलंय तर तुमीच द्या परत."

मला वाटलं होतं, काकू समजूत घालतील. समजूत घालण्यात त्या तरबेज होत्या. पण त्या उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल. नेगेटिव्ह शोधायला पाहिजे."

स्टुडिओत हरिबाबू हादरले. "बाई, तीन साल पुराना नेगेटिव! अरे, इत्ते डिब्बन में कहाँ ढूँढ़ें? फिर फौजियों का तो कुछ नाम-पता भी नहीं लिखते."

"चौकट उघडा," काकू म्हणाल्या. "मागे नंबर असेल."

नंबर होता, पण गावाकडे कुणीतरी मागे लेई लावून पुठ्ठा चिकटवला होता आणि शेवटचे दोन आकडे त्या लेईत गेले होते. म्हणजे शंभर पाकिटं. हरिबाबूंनी मागच्या खोलीतले लाकडी खोके उघडून दिले. मी आणि काकू एकेक पाकीट उजेडाला धरून पाहत होतो. हौसाबाई उंबऱ्यात बसून होत्या. मला नेगेटिव्हमधलं काही कळत नाही. काळ्या चेहऱ्याचे, पांढऱ्या केसांचे सगळे फौजी मला एकाच आईचे वाटत होते. त्यामुळे मी भराभर "हा का? हा का?" करत काकूंचा वेळ खात होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "तू नंबर तेवढे लाव बेटा. चेहऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस."

दुपार कलली तेव्हा त्यांना तो सापडला. त्यांनी नेगेटिव्ह खिडकीकडे तिरपी धरली आणि तशाच बसून राहिल्या. हौसाबाई उठून आल्या, वाकून बघितलं आणि दचकल्या. "ह्यो तर भुतासारका दिसतोय!"

"सगळे असेच दिसतात," काकू म्हणाल्या. "उलटं असतं ते."

घरी आल्यावर काकूंनी काचेच्या वाटीत टर्पेंटाइन ओतलं, कापसाचा बोळा बुडवला, पिळला. गालाच्या जागेवरून त्यांनी बोळा एकदाच फिरवला. शिसं निघून कापसाला करडा डाग लागला. "हे माझं होतं. पुसलं," त्या म्हणाल्या. "गालावरची खूण येईल परत. जशी होती तशी."

"आनि भवई?"

काकूंनी वाटी बाजूला ठेवली. मग त्यांनी हौसाबाईंकडे पाहिलं नाही, खिडकीकडेही नाही. डेस्कच्या भोकातल्या काचेकडे पाहत म्हणाल्या, "भुवई मी चाकूने केली आहे. तिथे खाच होती, केस नव्हते. मी ती खरवडून काळी केली. ते आता कुणालाच परत आणता येणार नाही. मला वाटलं, चांगलं करतेय."

मला आपलं वाटलं की आता ही बाई रडेल नाहीतर शिव्या देईल, आणि दोन्हींसाठी मी मनातल्या मनात काकूंची बाजू मांडायला तयार झालो. कारकून माणूस; खुलासा आधी तयार ठेवतो.

हौसाबाई म्हणाल्या, "मग नवी काडा की. मी सांगती."

काकू म्हणाल्या, "ती माझी होईल. त्याची नाही होणार."

"तुमच्या हातची न्हाई. माज्या हातची हुती त्यी. माज्या इळ्याची." हौसाबाई सरकून जवळ आल्या. "हिकडं करा त्वांड."

आणि त्यांनी काकूंची हनुवटी धरली, जशी न्हाऊ घातलेल्या पोराची धरतात तशी, आणि अंगठ्याच्या नखाने काकूंच्या डाव्या भुवईवर रेघ ओढली. "हितनं. सरळ न्हवं, जरा नाकाकडं कलती. रुंदी तांदळाच्या दान्याएवडी. वर बारीक, खाली जरा फाकलेली. कळलं?" काकूंनी डोळे मिटले होते. "परत दाखवा," त्या म्हणाल्या. हौसाबाईंनी परत दाखवलं. नख थांबलं. त्यांनी काकूंच्या गालावर सगळा तळवा ठेवला आणि सहज, हवापाण्याचं बोलावं तसं विचारलं, "देवी आल्या हुत्या व्हय तुमास्नी? आमच्या थोरलीला बी. गुनाची हाय पर."

इतक्या वर्षांत आमच्या समाजात कुणी काकूंना तो शब्द उच्चारून दाखवला नव्हता. मी भिंतीकडे बघायला लागलो. काकू म्हणाल्या, "हो. सात वर्षांची होते." बस, एवढंच. मग त्यांनी छत्रीचं कापड डोक्यावर ओढलं, आणि ते ओढल्यावर बराच वेळ आतून पेन्सिलीचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी हरिबाबूंनी पहिली प्रत छापली. हौसाबाईंनी मान हलवली: खाच लई रुंद. काकूंनी पुसून पुन्हा भरली. दुसरी प्रत आली. "उजूक सरळ हाय. कलती पायजे." हरिबाबू, जे एरवी गिऱ्हाइकाने दुसरी प्रत मागितली तरी कपाळाला आठी घालत, ते काही न बोलता अंधाऱ्या खोलीत गेले. मधल्या वेळात दोघी ओसरीवर उन्हात बसून राहायच्या. हौसाबाई संपतबद्दल सांगायच्या. त्याला पोहता येत नव्हतं, विहिरीची भीती होती, उसाचं पाचट पेटवलं की पळून जायचा, आणि असा पोरगा फौजेत गेला. काकू कधी मधेच विचारायच्या, "म्हणजे हसला की ती खूण वर जायची का?" आणि हौसाबाई विचार करून सांगायच्या, "जायची. भवई तुटल्यावानी दिसायची." काकूंनी आयुष्यात शेकडो चेहरे साफ केले असतील. एखाद्या चेहऱ्याबद्दल त्या काही विचारत आहेत, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

तिसरी प्रत संध्याकाळी आली. अजून ओलसर होती. हरिबाबूंनी स्वतः आणली, दोन बोटांत कडेला धरून. काकूंनी ती घेतली, पाहिली नाही, तशीच हौसाबाईंच्या हातात दिली.

हौसाबाईंनी ती लांब धरली, मग जवळ आणली. पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं, आणि फोटोतल्या त्या गालावरून फिरवलं, पोराच्या तोंडाला लागलेलं काही पुसावं तसं. ओल्या फोटोवर बारीक ओरखडा उठला. हरिबाबू "अरे अम्मा" म्हणत पुढे झाले. काकूंनी त्यांचा हात धरला.

"कुटं हुतास रं?" हौसाबाई म्हणाल्या.

त्या प्रतीची दुसरी साफ प्रत काढून देतो असं हरिबाबूंनी सांगितलं. हौसाबाईंनी नको म्हटलं, हीच नेली. जवान त्यांना न्यायला आला तेव्हा त्यांनी जुनी चौकट, रेखीव भुवयांची, काकूंच्या डेस्कवर ठेवली. "ह्यो ऱ्हाऊ द्या हितं. ह्याला बी कुनीतरी पायजे." आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी वर ठेवली.

काकूंनी तो फोटो डेस्कच्या वर खिळा ठोकून लावला. आईने विचारलं, "कशाला गं, रोज डोळ्यांपुढे?" तर म्हणाल्या, "रोजच पाहिजे."

त्यानंतर काकूंनी काम सोडलं नाही. गोष्टीत सोडतात, पण त्यांना तीच एक विद्या येत होती, आणि मुलींची लग्नं व्हायची होतीच. पण रीत बदलली. फोटोतल्या माणसाच्या घरचं कुणीतरी शेजारी येऊन बसल्याशिवाय त्या पेन्सिल उचलत नसत. आधी विचारायच्या, हे कसं लागलं, कधीचं आहे, कुणासमोर लागलं. मग नेगेटिव्हच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहायच्या: "उजव्या कानाखाली तीळ. जन्माचा. आजीलाही होता. काढला." किंवा, "कपाळावर खोक. किल्ल्याच्या चढणीवर सायकलवरून पडला, भाऊ मागे बसला होता. ठेवली." हरिबाबू कुरकुरत, "बाई, पाकिट पर उपन्यास मत लिखो." पण पाकिटं जपून ठेवत. आमच्या समाजात कोण कधी कुठे पडलं, कुणाला भाजलं, कुणी कुणाला दगड मारला, याचा सगळा लेखाजोखा त्या खोक्यांमध्ये होता, आणि सणावारी आम्ही जे सांगतो त्याच्याशी त्यातलं फारसं काही जुळलं नसतं.

माझी बदली गरौठ्याला झाली तेव्हा निरोप घ्यायला मी काकूंकडे गेलो. दुपार होती. ओसरीच्या पायरीशी प्रेमनगरची एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. मुलीच्या गळ्यावर कॉलरच्या वर भाजल्याचा डाग होता. ओढणीने ती तो सारखा झाकत होती. आमच्याच एका नात्यातली, मराठी समजणारी, हिंदी बोलणारी.

"हा कशाचा गं?" काकू विचारत होत्या.

"वो छोड़िए ना काकू. बस हटा दीजिए."

"हटवीन. तुझा फोटो, तुझी मर्जी. पण आधी सांग."

मुलीने ओढणी आणखी वर ओढली. मी दारात चपला काढता काढता थांबलो. मुलीने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे बघत पदर बोटाला गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला, आणि म्हणाली, "इसको तो याद भी नहीं होगा. त्या दिवशी घरात मी एकटीच होते, काकू…"

मुलीचा ओढणीवरचा हात खाली आला. ती आईकडे बघत राहिली. काकूंनी डोक्यावरचं काळं कापड काढून मांडीवर घेतलं, पेन्सिल डेस्कच्या कडेला ठेवली, आणि स्टूल फिरवून त्या दोघींच्या समोर केलं. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मीही हाक मारली नाही. चपला परत पायात घातल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरलो.